काउआईहून आलेलं लाल मीठ: वापरायचं कसं, आणि बाटली परत पाठवताना तिच्यात काय भरायचं?

मृण्मयी_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. प्रश्न मिठाचा आहे, पण जरा लांबून सांगावा लागेल.

माझा मुलगा दोन वर्षं हवाईत, होनोलुलूला शिकतोय. परवा सुट्टीसाठी घरी आला. बॅग रिकामी करताना मोज्यांच्या जोडीत गुंडाळलेली एक काचेची बाटली हाताला लागली, मेतकुटाची असते तेवढी. आत मीठ होतं, पण रंग असा की आधी मला वाटलं, ह्याने तिखट-मीठ कालवून आणलंय. विटकरीपेक्षा फिकं, गेरूपेक्षा उजळ. खडे एकसारखे नाहीत. काही साबुदाण्याएवढे, काही चपटे, दोन-तीन तर खडीसाखरेसारखे कोनदार. एक खडा उजेडात धरला तर आतून गुलाबी दिसला आणि एका कडेला मातीचा अगदी बारीक धागा अडकलेला.

मुलगा म्हणाला, "आई, हे विकत आणलेलं नाही. हे विकत मिळतच नाही."

त्याच्या खोलीत राहणाऱ्या मित्राची आजी काउआई बेटावरच्या हानापेपेची. तिथे समुद्राकाठी पिढ्यान् पिढ्या मीठ करणारी 22 कुटुंबं आहेत, त्यातलं एक ह्यांचं. माझा मुलगा सुट्टीत चार दिवस त्यांच्याकडे जाऊन राहिला होता. निघताना आजीने बाटली स्वतःच्या हाताने त्याच्या हातात ठेवली आणि सांगितलं, "तुझ्या आईला दे."

हे ऐकलं आणि मी थबकलेच. आमच्या घरात मीठ हातावर घ्यायचं नाही असं सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. समोरच्याने खाली ठेवायचं, मग आपण उचलायचं, नाहीतर भांडण होतं. तिन्हीसांजेला शेजारी मीठ मागायला आलं तर साखर देऊ, पीठ देऊ, मीठ नाही. सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली, पण मिठाचा सट उचलताना अजून त्यांचा आवाज ऐकू येतो. आणि इथे एक परकी आजी, जिने मला कधी पाहिलंही नाही, मुद्दाम हातात हात घेऊन मीठ देते. तिच्याकडे ह्याचा अर्थ नक्कीच वेगळा असणार. तो समजून न घेता बाटली फोडणीच्या डब्याशेजारी ठेवायची माझी तयारी नाही.

म्हणून विचारते. हे रोजच्या आमटीत घालायचं असतं का, की देवाधर्माचं असतं? त्यात माती आहे, ती पोटात गेलेली चालते? मुलाला जेवढं माहीत होतं तेवढं त्याने सांगितलं, पण तो पडला इंजिनिअरिंगचा, त्याने खड्ड्यांची मापं जास्त लक्षात ठेवली.

आणि शेवटचं, जे मला खरं बोचतंय. कोणाकडून आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही ही आपली रीत. बाटली मी परत पाठवणार आहे. मुलगा 6 जानेवारीला निघतोय. ज्या घरात असं मीठ होतं त्या घरी मी कर्वेनगरातून काय पाठवू?

ओआहू_ते_बाणेर

मृण्मयीताई, सात वर्षं होनोलुलूला नोकरी केली. हानापेपेला दोनदा गेलो आहे, दोन्ही वेळा कुंपणाबाहेरूनच पाहिलं, कारण ती बाहेरच्यांनी आत शिरायची जागा नाही. तुमच्या मुलाला कोणी आत नेलं असेल तर तो मोठा मान आहे, हे त्याला सांगा.

आधी नाव. हवाईच्या भाषेत मिठाला 'पाअकाई' म्हणतात. 'पाअ' म्हणजे घट्ट, पक्कं. 'काई' म्हणजे समुद्र. घट्ट झालेला समुद्र. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो आणि समोरच्या बशीतल्या मिठाकडे बराच वेळ बघत बसलो होतो.

हानापेपेची पद्धत अशी. समुद्राचं पाणी जमिनीखालून झिरपत खोल विहिरींत येतं. अशा विहिरीला 'पुना' म्हणतात. आधी ही विहीर उपसून, तळाचा गाळ काढून साफ करायची. तिथून पाणी दुसऱ्या उथळ टाक्यांत घ्यायचं, त्यांना 'वाईकू' म्हणतात. तिथे ते उन्हाने दाट होत जातं. तोवर शेजारी मीठ धरायचे वाफे तयार करायचे. त्या जागेतलीच काळी चिकणमाती लिंपायची आणि गुळगुळीत दगडाने घोटत राहायचं, एक भेग राहता कामा नये. वाकून, गुडघ्यावर बसून, आख्खं कुटुंब. मग दाट झालेलं पाणी वाफ्यात सोडायचं, काही इंचच. पृष्ठभागावर आधी पापुद्रा धरतो, तो खाली बसतो, पुन्हा पाणी द्यायचं. असं आठवडेच्या आठवडे. सगळं काम उन्हाळ्यातलं. मध्ये मोठा पाऊस आला की वाफे बुडाले, पुन्हा पहिल्यापासून.

वाफ्यातून मीठ ओढताना थर वेगळे निघतात. वरचं पांढरं, ते जेवणासाठी. मधलं किंचित गुलाबी. आणि अगदी तळाचं, मातीला टेकलेलं, लाल. तळाचं मीठ घर-माणसं शुद्ध करायला, आशीर्वादाला, अंघोळीच्या पाण्यात.

लाल रंगाचा दुसराही प्रकार आहे. 'अलाएआ' नावाची लाल माती असते, ज्वालामुखीच्या दगडापासून झालेली, लोहाने भरलेली. ती मुद्दाम मिठात मिसळतात. त्याला अलाएआ मीठ म्हणतात. नवी होडी पाण्यात उतरवताना, घरभरणीला, देवस्थानाच्या शुद्धीला हे मीठ लागतं. औषधातही ती माती वापरत आले आहेत. तुमच्या बाटलीतलं नक्की कोणतं, ते आजींना विचारा. पण दोन्ही खातात. बारीक लाल चिकणमाती आहे, वाळू नाही, दाताखाली कचकच येणार नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, देवाचं की खायचं. ताई, तिथे तो फरक आपल्यासारखा केलेला नाही. तेच मीठ कच्च्या माशाच्या पोकेमध्ये पडतं. मूळचं पोके म्हणजे माशाचे तुकडे, समुद्री शेवाळ, कुकुई नावाच्या झाडाची भाजून कुटलेली बी आणि हे मीठ, बस. आणि तेच मीठ पाण्यात विरघळवून 'पी काई' करतात, म्हणजे खारं पाणी शिंपडून माणसाची, जागेची शुद्धी. 'ती' नावाच्या झाडाचं लांब हिरवं पान त्या पाण्यात बुडवून शिंपडतात, आपण आंब्याच्या डहाळीने किंवा दूर्वांनी शिंपडतो तसं. आणि हे वाचून तुम्हाला बरं वाटेल: त्या पाण्यात पुष्कळदा हळद घालतात. 'ओलेना' म्हणतात तिला. त्यांचे पूर्वज होड्यांतून आले तेव्हा जी थोडी झाडं जपून बरोबर आणली, त्यात हळद होती.

विकत मिळत नाही हे अगदी खरं आहे, पण हानापेपेपुरतं. इतिहासात हवाईचं मीठ भरपूर विकलं गेलंय. जानेवारी 1778 मध्ये कॅप्टन कुक काउआईच्याच वाइमेआला उतरला आणि त्यानंतर येणाऱ्या जहाजांना डुकराचं मांस खारवायला मीठ लागायचं, ते इथून मिळायचं. पुढे ते अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर सामन मासा खारवायला जायचं, आणि तोच खारवलेला सामन पिंपांत भरून हवाईत यायचा. आज तिथल्या प्रत्येक मेजवानीत असणारी लोमी सामन नावाची कोशिंबीर त्यातूनच आली. दुकानांत 'हवाईयन लाल मीठ' म्हणून पाकिटं असतात, त्यातलं बरंचसं हवाईच्या बाहेर कॅलिफोर्नियात होतं आणि त्यात फक्त माती मिसळलेली असते. हानापेपेच्या कुटुंबांनी मात्र ठरवलेलं आहे, हे द्यायचं किंवा त्याच्या बदल्यात दुसरं काही घ्यायचं. पैसे नाहीत. त्यांची 'हुई हाना पाअकाई ओ हानापेपे' नावाची मंडळी आहे, ती हे सगळं सांभाळते.

म्हणून खा. न खाता कपाटात ठेवलं तर आजींना वाईट वाटेल.

मृण्मयी_कर्वेनगर

किती सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. घरात मोठ्याने वाचून दाखवलं. 'पुना' ऐकल्यावर आमचे हे जेवता जेवता थांबले. त्यांचे आजोबा शेवटपर्यंत पत्त्यावर 'मु. पो. पुना' लिहायचे. शब्दांचा काही संबंध नाही हे मला कळतं, पण त्या विहिरीबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

काल संध्याकाळी बाटली उघडली. मंडईतून पेरू आणले होते, आतून पांढरे, कडक. फोडी केल्या, एक खडा बोटांनी चुरडला आणि भुरभुरला. पुड्यातलं मीठ जिभेवर एकदम चढतं आणि संपतं. हे आधी काहीच नाही, मग हळूहळू पसरतं, आणि शेवटी तोंडात पावसाच्या पहिल्या सरीनंतर अंगणाला येतो तसा मातीचा वास राहतो. मुलगा म्हणाला, त्या आजी ह्या मिठाला गोड म्हणतात. मला हसू नाही आलं. आपणही ह्या खारट वस्तूला मीठ म्हणतो आणि हिंदीवाले मीठा म्हणजे गोड म्हणतात.

आणखी एक आठवलं. आपल्याकडे पान वाढताना सगळ्यात आधी मीठ, वर मधोमध. मग लिंबू, चटणी, कोशिंबीर. पण नैवेद्याच्या पानात वरून मीठ वाढत नाहीत. आईला मी लहानपणी विचारलं होतं, देवाला अळणी आवडतं का? तिने पाट सरकवला आणि काही उत्तर दिलं नाही. म्हणून मीठ शुद्धीला वापरतात, त्याने होडीला आशीर्वाद देतात, हे वाचून मला वेगळंच वाटतंय. आपल्याकडे मीठ देवापुढे जात नाही, पण मुलावरून ओवाळून टाकायला मात्र मीठ-मोहरीच लागते. हा मुलगा तान्हा असताना रोज दिवेलागणीला सासूबाई मुठीत मीठ-मोहरी घेऊन त्याच्यावरून सात वेळा उतरवायच्या आणि गॅसच्या शेगडीवर तव्यात टाकायच्या. तडतडली की म्हणायच्या, बघ किती दृष्ट होती. म्हणजे वाईट ओढून घ्यायचं काम आपणही मिठालाच दिलंय.

रसायनाचे_सर

मृण्मयीताई, निवृत्त शिक्षक आहे, म्हणून मातीबद्दल थोडं. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाचा आणि गेरूचा जो असतो तोच. चिमूटभराने काही अपाय नाही. पण त्यातून शरीराला लोह मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. आणि रोजच्या स्वयंपाकात पूर्णपणे ह्यावर जाऊ नका, कारण समुद्राच्या नुसत्या मिठात आयोडीन नगण्य असतं. आपल्याकडे खाण्यासाठी विकायच्या मिठात ते घालणं कायद्याने बंधनकारक आहे, ते गलगंडामुळे. बाटलीतलं पानात वाढायला ठेवा, आमटीत नेहमीचं.

पुण्याच्या पावसाळ्यात ह्याला पाणी सुटेल. ओलावा धरणारे इतर क्षार समुद्राच्या मिठात राहिलेले असतात. चिनी मातीच्या बरणीत, तोंडाला कापड बांधून ठेवा. पाणी सुटलं तर टाकू नका, उन्हात ठेवा.

पेणचा_आगरी_कात्रजला

ताई, मी मूळ पेणजवळच्या गावचा. आमचं आडनाव सोडा, आमच्या जातीचं नावच आगरावरून आलंय, मिठागरावरून. बाणेरच्या दादांनी लिहिलेलं वाचून आजोबांची आठवण आली, म्हणून लिहितोय, एरवी मी इथे नुसता वाचतो.

आमच्याकडे पण थेट हेच. दिवाळीनंतर उधाणाला खाडीचं पाणी आत घ्यायचं, मोठ्या खणात साठवायचं, मग दुसऱ्या खणात, मग वाफ्यात. वाफ्याचा तळ आधी पायाने तुडवायचा. आजोबा, चुलते, आत्या सगळे ओळीने, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, दिवस दिवस तुडवत जायचे. तळ इतका घट्ट झाला पाहिजे की टाच आपटली तर आवाज यायला हवा. मऊ राहिला तर मीठ काळं येतं. तिथे दगडाने घोटतात, इथे पायाने, एवढाच फरक. मिठाने टाचांना भेगा पडतात आणि त्या भेगांत पुन्हा मीठ जातं. आजी रात्री खोबरेल गरम करून आजोबांच्या टाचांना लावायची.

आणि आम्ही मीठ 'करतो' असं कधीच म्हणत नाही. मीठ पिकतं. यंदा मीठ चांगलं पिकलं, यंदा अवकाळीने पीक गेलं. भातासारखंच. माझ्या आठवणीत एकदा एप्रिलमध्ये रात्री वळीव आला, सकाळी वाफे बघितले तर नुसतं पाणी. आजोबा बांधावर बसून होते, कोणाशी बोलले नाहीत.

दादांना एक विचारायचंय. त्या लोकांच्या भाषेत वाफ्याला काय म्हणतात?

ओआहू_ते_बाणेर

दादा, तुमचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. मिठाच्या वाफ्याला तिथे 'लोई' म्हणतात. आणि लोई हाच शब्द अळूच्या पाणथळ वाफ्यांना आहे. अळूचा कंद त्यांचं मुख्य अन्न, आपल्या भातासारखा. म्हणजे जिथे अळू पिकतो ती लोई आणि जिथे मीठ पिकतं तीही लोई. तुमच्या आजोबांना त्यांचं म्हणणं दुभाष्याशिवाय कळलं असतं.

येरवडा_जुना_रहिवासी

पैसे न घेण्याचा मुद्दा वाचून राहवलं नाही. आपल्याकडे मिठाची लढाई नेमकी उलट टोकाने झाली. समुद्र आपला, ऊन आपलं, आणि मूठभर मीठ उचललं तर गुन्हा, कारण सरकारला कर हवा. 6 एप्रिल 1930 ला दांडीला गांधीजींनी मीठ उचललं, 5 मेला त्यांना अटक झाली आणि आणलं कुठे, तर आपल्या येरवड्याला. त्याच मे महिन्यात आपल्या कोकणात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. मार्च 1931 च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्याजवळच्या गावांना घरापुरतं मीठ करायची मुभा मिळाली. मीठ कोणाचं, हा प्रश्न माझ्या वडिलांच्या पिढीने फार मनाला लावून घेतला होता. जेलच्या भिंतीवरून जाताना ते दर वेळी हे सांगायचे. ह्या 22 कुटुंबांनी ते किमतीच्या बाहेर ठेवलंय, ह्याचं मला फार मोल वाटतं.

माझ्या लहानपणी भवानी पेठेत वाण्याच्या दुकानाबाहेर खडेमिठाची पोती रात्रभर रस्त्यावर असत. दुकानाला कुलूप, मीठ बाहेर. मीठ कोणी चोरत नसे.

मृण्मयी_कर्वेनगर

मी आज दोनदा हा धागा वाचला. पेणच्या दादांच्या आजोबांच्या टाचा डोळ्यांसमोरून जात नाहीत.

काल मुलाने फोनवर हानापेपेच्या आजींशी बोलणं करून दिलं. त्यांचं इंग्रजी वेगळं, माझं बँकेतलं, पण जमलं. बाटलीतलं मीठ तळाचं आहे, त्यांच्याच वाफ्यातलं. मी विचारलं, यंदा कसं झालं? तर म्हणाल्या, थोडंच. दोन वर्षं धड झालंच नव्हतं, पाणी शिरलं होतं. मग मला बोलवेना. एवढं थोडं आलेलं, आणि त्यातून माझ्यासाठी बाटलीभर.

बाणेरकर, पाणी शिरतं ते पावसाचंच का? आणि परत पाठवायचं काय, त्यावर अजून कोणी बोललेलं नाही.

ओआहू_ते_बाणेर

ताई, पाऊस आहेच. पण आता समुद्रही वाढतोय. मोठी भरती आणि लाटा मधली वाळूची टेकाडं ओलांडून थेट वाफ्यांत येतात. त्या टेकाडांवरून, किनाऱ्यावरून गाड्या फिरवतात, त्याने वाळू दबते आणि आडोसा कमी होतो. शेजारीच छोटा विमानतळ आहे, त्याचं काही वाढवायचं निघालं की ही मंडळी विरोधाला उभी राहतात. काही उन्हाळे असे गेलेत की मूठभरही मीठ निघालेलं नाही. तरी ते दर वर्षी विहीर उपसायला जातात.

ओआहूवर, म्हणजे होनोलुलू ज्या बेटावर आहे तिथे, ह्याची दुसरी गोष्ट आहे, ती सांगतोच. होनोलुलूजवळ मोआनालुआला एक खारं सरोवर होतं, आलियापाअकाई. ज्वालामुखीची देवी पेले घर शोधत बेटाबेटावर खणत फिरत होती, तिने तिथेही खणलं, तर खारं पाणी लागलं. आग आणि पाणी एकत्र राहीना, म्हणून ती पुढे गेली आणि मागे ते सरोवर राहिलं. तिथून पूर्वी मीठ काढायचे. आज त्या भागाला 'सॉल्ट लेक' म्हणतात आणि सरोवर बुजवून त्यावर गोल्फचं मैदान केलंय. माझा तिथला फ्लॅट त्याच भागात होता. रोज बसवर ते नाव वाचायचो आणि मिठाचा खडाही नव्हता. म्हणून हानापेपेची किंमत मला जास्त कळते.

आता बाटली. बी, ओली मुळं, फळं, रोप असलं काही अजिबात पाठवू नका. हवाईत शेतीच्या बाबतीत तपासणी फार कडक असते, आणि ती असायलाच हवी, बेटांचं फार नुकसान झालंय बाहेरच्या किडीने. कोरडं, दळलेलं, बंद केलेलं चालतं, मात्र मुलाने उतरताना फॉर्मवर लिहून दाखवायचं. मी असतो तर हळद पाठवली असती. चांगली, दळलेली.

आणि हातावर मीठ देण्याचं मनावर घेऊ नका. तिथे प्रवासाला निघणाऱ्याला मीठ जवळ ठेवायला देतात, सांभाळ म्हणून. आजींनी त्याच भावनेने दिलं असणार.

पेणचा_आगरी_कात्रजला

ताई, आमचं आगर आता राहिलं नाही, पण चुलत्यांचे चार वाफे अजून चालू आहेत. ह्या हंगामाचं पहिलं मीठ नुकतंच ओढलंय. रविवारी गावाला चाललोय. पिशवीभर आणून देतो. त्या आजींना सांगा, आमच्याकडचं पण बघा. पत्ता निरोपात कळवा.

मृण्मयी_कर्वेनगर

मंडळी, आज मुलगा गेला. पहाटेच्या गाडीने मुंबई, तिथून विमान. घर रिकामं वाटतंय म्हणून हे लिहायला बसले.

पेणचे दादा सोमवारी रात्री नऊ वाजता आले. कापडी पिशवीत दोनेक किलो मीठ. करडी झाक असलेलं, ओलसर, हात घातला की बोटांना गार लागणारं. खाडीचा वास होता अजून त्याला. मी नेहमीच्या सवयीने म्हटलं, खाली ठेवा हं. आणि लगेच म्हटलं, नको, द्या. दोन्ही हात पुढे केले. पैसे विचारायचं धाडसच झालं नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. चहा घेतला, मुलाच्या फोनवर हानापेपेच्या वाफ्यांचे फोटो पाहिले, एक फोटो मोठा करून मातीकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, तळ चांगला धरलाय.

मीठ दोन दिवस गच्चीत पांढऱ्या धोतरावर पसरून वाळवलं. बाटलीतलं लाल मीठ सटात काढलं. बाटली धुऊन, उन्हात तापवून त्यात पेणचं मीठ भरलं. वेगळ्या डबीत हळद, माझ्या सांगलीच्या मावसबहिणीने स्वतः उभं राहून दळून आणलेली. दोन्हीवर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं, कुठलं आहे आणि कोणी पिकवलं. दादांच्या चुलत्यांचं नाव त्यांना विचारून घातलं.

काल रात्री जेवायला मुलाच्या पानात सगळ्यात आधी, वर मधोमध, आजींचं लाल मीठ वाढलं. तो म्हणाला, माणूस निघून अर्ध्या वाटेतून परत आला की काउआईला म्हणतात, मीठ पुन्हा वाइमेआला गेलं. मी म्हटलं, मग तू अर्ध्या वाटेतून येऊ नकोस. सगळं पुरं करून ये.

पेणच्या दादा, तुमची पिशवी धुऊन ठेवली आहे. तिच्यात तिळाच्या वड्या आणि थोडी हळद घातली आहे. कात्रजला मी स्वतः येऊन देते, संक्रांतीच्या आधी कुठला दिवस बरा पडेल तेवढं कळवा.